‘हो’ म्हणायच्या आधी भरून ठेवायची पिशवी

आमचा दादा उपचाराला पहिल्यांदा ‘हो’ म्हणाला ते श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी साडेसहाला. चहाचा स्टीलचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा काठावरून हिंदकळून बशीत सांडत होता. शेवटी वहिनीने बशीच उचलली आणि त्याच्या ओठांना लावली. दोन घोट पिऊन झाल्यावर तो खाली बघतच म्हणाला, “चला, कुठं न्यायचंय तिथं न्या मला.”

आणि कुठं न्यायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सात वर्षं दारूवरून भांडणं झाली होती, ताटं भिरकावून झाली होती, तुळशीची माळ घालून आणि तोडून झाली होती, ग्रामदैवतापुढे भंडारा उचलून शपथ झाली होती. पण जायचं कुठं, एवढा एक पत्ता काढून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी मोबाइल घेऊन बसले. एका ठिकाणी फोन लागेना. दुसऱ्या ठिकाणी महिन्याचा आकडा ऐकून वहिनीने नुसती मान हलवली. तिसरा म्हणाला, “अॅडव्हान्स टाका, गाडी पाठवतो.” तेवढ्यात दादा “जरा जाऊन येतो” म्हणून उठला. अकराला परतला तेव्हा हात स्थिर होते आणि ‘हो’ संपलेला होता. पुढचा ‘हो’ आठ महिन्यांनी आला.

पिणाऱ्या माणसाची तयारी महिनोन्‌महिने टिकत नाही. ती येते बहुधा पहाटे, अंग कापत असताना, आणि दोन-तीन तासांत ओसरते. त्याची वाट बघत हातावर हात धरून बसायचं नसतं. त्या दोन तासांसाठीची सगळी तयारी घरच्यांनी आधी करून ठेवायची असते, त्याला न सांगता केली तरी चालेल. आम्ही ती दुसऱ्या खेपेला केली. पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या घरांसाठी ती इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. नंतरच्या काही वर्षांत गावातल्या आणि नात्यातल्या काही जणांसोबत ओपीडीच्या बाकड्यांवर बसले आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी एक वही

शाळेची शंभर पानी वही घ्या आणि आठ दिवस लिहा. काय पितो (देशी, विदेशी, ताडी, हातभट्टी), किती, आणि दिवसाचा पहिला घोट किती वाजता. सगळ्यांत महत्त्वाची ही वेळ. रात्री जेवणाआधी पिणारा आणि सकाळी दात घासायच्या आधी पिणारा, या दोघांना लागणारे उपचार अगदी वेगळे असू शकतात. आमच्या वहीत लिहिलं होतं: रोज तीन क्वार्टर, पहिली सकाळी सातच्या आत, जेवण एक वेळ आणि तेही अर्धं. डॉक्टरांनी ही एक ओळ वाचली आणि पुढचे चार प्रश्न विचारलेच नाहीत.

त्याच वहीत हेही लिहा: पूर्वी कधी दारू बंद केली तेव्हा काय झालं? आकडी आली का? भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी हाका मारतंय, असं बोलला का? रक्ताची उलटी, काळी शी, डोळे पिवळे, पाय सुजणं? डोक्यावर पडलाय का? साखर, बीपी, फिट, झोपेच्या गोळ्या यांतलं काही चालू आहे का? गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटं वहीत चिकटवून टाका. जीव द्यायची भाषा केली असेल तर ती तारखेसकट लिहा, आणि घरातली शेतीची औषधं त्याच दिवशी शेजारच्या घरात हलवा.

वहीचा आणखी एक उपयोग होतो. घरातलं कुणीतरी एक जण नेहमी म्हणत असतं, “तेवढं काही नाही, सगळेच घेतात.” आमच्याकडे ते आई म्हणायची. आठव्या दिवशी मी वही वाचून दाखवली, तेव्हा तिने चष्मा पुसला आणि गप्प बसली.

सगळेच पिणारे व्यसनी नसतात, हेही खरं. रोज पीत नाही, हात कापत नाहीत, पण प्यायला की घरात तमाशा होतो, अशी माणसं खूप आहेत. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात टाकायची गरज बहुतेक वेळा नसते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा अति पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग केला होता. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चारपर्यंत बैठका घेतल्या आणि त्याचा फायदा झाल्याचं २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणजे लवकर गेलात तर काम नुसत्या बोलण्यावरही भागू शकतं. आपण जातो ते लिव्हर सुजल्यावर.

घरात कोंडून दारू बंद करू नका

हा भाग दोनदा वाचा, कारण माणसं इथे दगावतात.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांतच अंग कापायला लागतं, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो: वेळ-काळ कळत नाही, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, छाती धडधडते. हे झालं तर ते नाटकही नसतं आणि बाहेरचंही नसतं. ती जिवावरची आणीबाणी असते. १०८ ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. आमच्या गल्लीत एकाला अशाच अवस्थेत बुवाकडे नेलं होतं. लिंबं उतरवण्यात रात्र गेली. सकाळी ग्रामीण रुग्णालयाने पुढे पाठवला, नशिबाने वाचला.

म्हणून खोलीला कडी घालून “बघू कशी सुटत नाही” हा प्रकार नको. बाटली मोरीत ओतायची मर्दुमकीही नको. ज्याला सकाळी हात कापतात म्हणून प्यावी लागते, त्याने डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबायचं. तिथे थरथर आणि आकडी आवरायला ठरावीक दिवस गोळ्या देतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करतात. याला डिटॉक्स म्हणतात. साधारण आठ-दहा दिवसांचं काम.

आणखी एक बारीक गोष्ट. दारूवरच जगणाऱ्या माणसाच्या अंगात बी-वन, म्हणजे थायमिन, उरलेलं नसतं. आपल्याकडे अशक्त दिसला की गल्लीतला डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावतो. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा माणसाच्या मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे सलाईन लावणाऱ्याला नम्रपणे पण स्पष्ट विचारा, “हे रोज पितात. बी-वनचं इंजेक्शन दिलंय का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

कुठल्या दाराशी जायचं

बहुतेक घरं आधी ‘केंद्र’ शोधतात. मी सांगेन, आधी डॉक्टर शोधा, तोही मनोविकारांचा. व्यसन हा मनोविकार विभागाचा विषय आहे आणि लिव्हरचा डॉक्टर तो सोडवू शकत नाही, हे कळायलाच आम्हाला दोन वर्षं लागली. पोटाच्या डॉक्टरांकडे तीन वेळा भरती झाली. तिन्ही वेळा डिस्चार्ज कार्डावर ‘दारू बंद करावी’ एवढं एक वाक्य लिहून दिलं. कशी, ते कुणी लिहिलं नाही.

पहिलं दार जिल्हा रुग्णालयाचं. तिथे मानसिक आरोग्याची ओपीडी असते. खिडकीवर केसपेपर काढताना “मनोविकार विभाग” म्हणा, नाहीतर जनरल मेडिसिनच्या रांगेत दुपार होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडे पैसे लागतात, पण मनोविकार विभाग मोठा असतो आणि लिव्हर, हृदय, फिट असं गुंतागुंतीचं काही असेल तर तेच बरं. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं सरकारी आहेत. ‘येरवडा’ म्हटलं की आपल्याकडे हसतात, ते हसू बाजूला ठेवा. गोव्यात राहणाऱ्यांसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे.

दुसरं दार स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांचं. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला आर्थिक हातभार लावला. तिथला निवासी उपचार पाच आठवड्यांच्या आसपासचा असतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केली, तिची केंद्रं इतरत्रही आहेत. शिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रं राज्यात बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. जवळचं कुठलं, हे विचारायला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत नंबर आहे. मनाची घालमेल कुणाशी तरी बोलायची असेल तर १४४१६, टेलिमानस. दोन्ही नंबर घरच्यांनी लावले तरी चालतात, पेशंटच फोनवर हवा असं नाही. मी पहिला फोन गोठ्यात उभं राहून केला होता, म्हशीच्या हंबरण्यासकट. पलीकडच्या बाईंनी शांतपणे जिल्हा, तालुका, वय, काय पितात, किती वर्षं, आकडी आली होती का, हे विचारलं. वही हातात होती म्हणून चार मिनिटांत झालं.

तिसरं दार फुकट आहे आणि सगळ्यांत कमी वापरलं जातं: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए. ए. च्या सभा. नाव-गाव नोंदवत नाहीत, फी नाही. मोठ्या शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी मराठीत सभा भरतात, बहुधा संध्याकाळी, शाळेच्या नाहीतर चर्चच्या खोलीत. पण लक्षात ठेवा, तिथे डॉक्टर नसतो. हात कापणाऱ्याला आधी दवाखाना, मग सभा.

भरती व्हावंच लागतं का? नाही. पूर्वी आकडी आलेली नाही, घरात सोबतीला माणूस आहे, रोज नाहीतर एक दिवसाआड ओपीडीत जाता येतं, अशा पुष्कळ लोकांवर घरी ठेवूनच उपचार होतात. नंतर तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही असतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट वगैरे. कुठली कुणाला चालते ते लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. या गोळ्यांबद्दल आपल्याकडे केवढं अज्ञान! माझ्या चुलत्यांसारखी माणसं “एक नशा सोडून दुसरी लावली” म्हणतात आणि चार दिवसांनी गोळ्या बंद करतात. या दोन्ही गोळ्यांची सवय लागत नाही.

केंद्राला फोन लावाल तेव्हा

दुसऱ्या खेपेच्या तयारीत मी आणि वहिनी एक खासगी केंद्र आधी बघून आलो. नाव सांगत नाही. हायवेला लागून दुमजली इमारत, बाहेर फ्लेक्सवर योगासनं. वर गेलो तर लोखंडी जाळीला कुलूप, आत एका हॉलमध्ये गाद्या खेटून टाकलेल्या, चार-पाच पोरांचे गोटे केलेले, आणि एक पोरगा खुर्चीत बसलेल्या ‘सरां’चे पाय दाबत होता. डॉक्टर कधी येतात विचारलं तर “येतात की आठवड्यातनं.” जिना उतरताना वहिनी म्हणाली, “ताई, यापेक्षा पिऊन पडलेले बरे.” मी तिला काही बोलू शकले नाही.

घरी येऊन कायदा वाचला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याने मानसिक आजारांत धरल्या आहेत. त्यामुळे पेशंटला भरती ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. साखळीने बांधायला बंदी आहे. जबरदस्तीने डोक्याचे केस काढता येत नाहीत. मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही, स्वखुशीने केलं तर मोबदला द्यावा लागतो. घरच्यांशी संपर्क ठेवायचा आणि भेटीला आलेल्यांना भेटायचा हक्क आहे. नको असेल तर भेट नाकारायचाही आहे.

फोनवर मी आता हे विचारते, आणि उत्तर देताना समोरचा चिडला तर तिथेच फोन ठेवते: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, प्रमाणपत्र बघायला मिळेल का? मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, रात्री आकडी आली तर कोण असतं, कुठल्या दवाखान्यात नेता? एकूण खर्च किती, औषधं आणि तपासण्या त्यात की वेगळ्या, पावती मिळते का? घरच्यांना कधी भेटता येतं? घरी गेल्यावर फॉलोअप कसा असतो? शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे सविस्तर उत्तर असतं, ते केंद्र बहुधा चांगलं निघतं. “शंभर टक्के गॅरंटी” म्हणणाऱ्याला मी हात जोडते.

‘गाडी पाठवून उचलून नेतो’ हा प्रकार सर्रास चालतो. दोन दांडगे जण येतात, झोपलेल्या माणसाला उचलतात, बायकोपोरं दारात रडत उभी असतात. कंटाळलेल्या घराला याचा मोह पडतो, मला कळतं ते. पण कायद्याची वाट दुसरी आहे. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतः सही करून भरती होतो, आणि निघायचा हक्कही त्याचाच. तयार नसेल आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची देखभालही होत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे त्याने स्वतः नेमलेल्या माणसाच्या, कुणी नेमला नसेल तर नातेवाइकाच्या) अर्जावर भरती करता येते. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासून मत द्यावं लागतं. ही भरती एका वेळी ३० दिवसांपर्यंत. गाडीतली दोन माणसं म्हणजे डॉक्टर नव्हेत.

‘न सांगता दारू सोडवा’

एसटी स्टँडच्या मुतारीपासून पेपरातल्या छोट्या जाहिरातींपर्यंत ही ओळ सगळीकडे असते. पूड भाजीत मिसळा, त्याला कळणारही नाही. त्या पुडीत काय असतं ते सांगणारं कुणी नसतं. डायसल्फिरॅम नावाची एक खरी गोळी आहे. ती घेतलेल्याने दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं, क्वचित जीवही जातो. डॉक्टर ती देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो हे सांगून. हीच गोळी न सांगता डाळीत घालणं म्हणजे विषप्रयोगाच्या जवळ जाणं आहे. आमच्या वहिनीनेही एक पुडी आणली होती, साडेतीन हजारांची. मंगळसूत्रातले चार मणी विकून. घातली नाही, तेवढं बरं झालं.

अडतं कुठं

सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाला, आणि भरती होऊन उपचार १८० जणांत एकाला. उरलेले सदतीस कुठे अडले? मी पाहिलेलं सांगते.

पहिलं, लाज. आणि ती पिणाऱ्यापेक्षा घरच्यांना जास्त. तो भर चौकात पडतो ते सगळ्या गावाने बघितलेलं असतं, पण केंद्रात न्यायचं म्हटलं की “बोभाटा होईल, पोरीचं लग्न व्हायचंय.” आम्हीही ‘कामाला पुण्याला गेलाय’ असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुधवाला म्हणाला, “दादांना बरं वाटतंय का आता केंद्रात?” लपवण्याचा सगळा खटाटोप तिथेच संपला. नोकरीवाल्यांसाठी एवढं सांगते, उपचाराची माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि वैद्यकीय रजेचा कागद डॉक्टर देतात.

दुसरं, वेळ. पेरणी झाली की, ऊस तुटला की, दिवाळी झाली की. दारू कुठल्याच मुहूर्ताला थांबत नाही.

तिसरं, पैसा. सरकारी उपचार आहेत, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे, हातात कार्ड असो वा नसो. पण खासगी विम्यावर विसंबू नका. तोच कायदा सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे, आणि विमा नियामकाने घालून दिलेल्या प्रमाणित अपवादांत मात्र दारू आणि व्यसनाच्या उपचारांचं कलम आहे, ते बहुतेक पॉलिसींत सापडतं. एका हाताने आजार म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने क्लेम नाकारायचा. पॉलिसी आधी वाचा, म्हणजे काउंटरवर धक्का बसणार नाही.

चौथं, परत पाठवणं. “प्यायलेला आहे, शुद्धीवर आला की आणा.” शुद्धीवर आला की तो येत नाही, हे काउंटरवरच्या माणसाला कोण सांगणार? यावर माझा उपाय, आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं की पिऊन आला तर घेता का, आणि किती वाजेपर्यंत. काही ठिकाणी घेतात. ज्या ठिकाणी घेतात त्याचंच नाव वहीच्या पहिल्या पानावर.

पाचवं, बाई असणं. बाई पिते हे घर कबूलच करत नाही, आणि बायकांसाठी खाटाही फार थोड्या. मुक्तांगणमध्ये ‘निशिगंध’ हा बायकांचा वेगळा विभाग आहे. जिल्हा रुग्णालयाची ओपीडी तर सगळ्यांसाठीच आहे.

आणि पोरगा गांजा, ब्राउन शुगर किंवा एमडीत अडकला असेल तर पोलिसांची भीती. अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसमध्ये, ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि त्याने तो पूर्ण केला, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्यांसाठी ही सवलत नाही. प्रकरण पोलिसांत गेलंच असेल तर वकील गाठा, उपचार मात्र थांबवू नका.

पिशवीत काय

आधार कार्ड आणि त्याच्या तीन झेरॉक्स. पेशंटचे आणि सोबत जाणाऱ्याचे दोन-दोन फोटो. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, वही. चार दिवसांचे कपडे, टॉवेल, दाढीचं सामान (केंद्रात ते जमा करून घेतात, तरी न्या), चष्मा. बिस्किटाचे दोन पुडे, पाण्याची बाटली. वेगळ्या पाकिटात रोख रक्कम, त्याच्या हाती न देता. एका कागदावर ठळक अक्षरात: पहिलं ठिकाण, दुसरं ठिकाण, दोघांचे फोन, ओपीडीचे वार, गाडीवाल्याचा नंबर. सोबत जाणारी दोन माणसं आधीच ठरलेली, त्यांतला एक असा की ज्याचं तो ऐकतो. आमच्याकडे ते त्याचे शाळेतले मास्तर होते. पहाटे पाचला फोन केला तरी येईन, असा शब्द त्यांनी आठ महिने आधी देऊन ठेवला होता.

दुसरा ‘हो’ आला तो एप्रिलमध्ये, पहाटे. साडेसातला आम्ही रस्त्यावर होतो. वाटेत दादा म्हणाला, “एक घेऊ दे, मग चलतो.” मास्तर म्हणाले, “डॉक्टरांना विचारू.” फोन लावला. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, हात फार कापत असतील तर काय करायचं ते मी सांगतो, पण गाडी थांबवू नका. गाडी थांबली नाही.

तो आत असताना तुम्ही बाहेर काय करायचं

झोपा. हसू नका, पहिले आठ दिवस वहिनी नुसती झोपली. मग उधारी किती, कुणाची, याची यादी करा. दुकानदारांना एकदाच जाऊन सांगा, यापुढे त्याच्या नावावर द्यायचं नाही. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात, आणि मुक्तांगणसारख्या ठिकाणी बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. वहिनी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा परत येऊन एवढंच म्हणाली, “तिथं सगळ्यांच्या घरी ताटं फेकतात.”

तो घरी आला की फॉलोअपच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनने. पहिले तीन महिने लग्नं, हळदी, वराती टाळता आल्या तर टाळा, नाहीतर जेवून लगेच निघा. खिशात रोख कमी. रोज संशयाने तोंडाचा वास घेत बसू नका, तो अपमान त्याला दुकानाकडे ढकलतो. आणि पुन्हा प्यायला तर? होतं तसं. आमच्याकडे पाचव्या महिन्यात झालं, पोळ्याच्या दिवशी. घर पुन्हा सुतकात गेल्यासारखं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “किती दिवस झाले? दोन? मग उद्याच आणा, भरतीही लागायची नाही कदाचित.” साखरेचा पेशंट लाडू खाऊन आला तर त्याला कुणी घराबाहेर काढत नाही, तसंच हे, असं ते म्हणाले. यावेळी पिशवी भरलेलीच होती. फक्त वहीचं नवं पान उघडलं.

ती पिशवी अजून आमच्या कोठीच्या खोलीत खुंटीला आहे. गेल्या महिन्यात खालच्या आळीतली एक सूनबाई अंधार पडल्यावर आली, चहा नको म्हणाली, आणि पदराआडून विचारलं, “ताई, तो नंबरांचा कागद आहे का अजून?” कागद घडीवर फाटला होता आणि गाडीवाल्याचा नंबर बदलला होता. मी नवा लिहून दिला. तिला पहिला घोट किती वाजता ते विचारलं, तर म्हणाली, “बघितलं नाही कधी.” शंभर पानी वहीसुद्धा दिली.